फाउंड्रीतली वाळू, मामांची मूठ आणि तुमचं स्टार्टअप

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे २७ वर्षांचे मेकॅनिकल इंजिनिअर, मूळचे कोल्हापूरचे, सध्या पुण्यात नोकरीला. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, कास्टिंगचं (ओतलेल्या वस्तूंचं) रिजेक्शन, म्हणजे सदोष निघून बाद होणारा माल, एआय वापरून कमी करायचं, अशी त्यांची कल्पना आहे आणि तिला ते ‘इनोव्हेटिव्ह’ म्हणतात. जोडीला दोन मित्र. आधी पेटंट घ्यावं, कंपनी नोंदवावी की गुंतवणूकदार शोधावा? आणि नोकरी कधी सोडावी?

यातलं काहीच आधी करू नका. आधी एखाद्या फाउंड्रीत सेकंड शिफ्टला जाऊन वाळूच्या मिक्सरपाशी उभे राहा. असं का म्हणते ते सांगते.

मी अकरा वर्षं याच धंद्यात आहे. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, फाउंड्रीच्या वाळूवर लक्ष ठेवणारी यंत्रं आम्ही बनवतो. सुरुवातीला आमच्या डोक्यात जे होतं ते तुमच्या कल्पनेची सख्खी बहीण शोभेल असं होतं. तेव्हा एआय हा शब्द इतका सगळ्यांच्या तोंडी नव्हता, एवढाच फरक.

ज्यांनी फाउंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी ‘ग्रीन सँड’मध्ये ओतकाम चालतं. नावात ग्रीन असलं तरी वाळू काळीकुट्ट असते. सिलिका वाळू, बेंटोनाइट म्हणजे चिकटपणा देणारी माती, थोडी कोळशाची पूड आणि साधारण तीन ते चार टक्के पाणी. पाणी कमी पडलं की साचा ढासळतो, वाळू धातूत पडते. जास्त झालं की वितळलेलं लोखंड आत जाताच वाफ होते आणि कास्टिंगच्या पोटात पोकळ्या राहतात, त्या ब्लोहोल. हे ब्लोहोल बऱ्याचदा फाउंड्रीत दिसतच नाहीत. गिऱ्हाइकाच्या मशीनशॉपमध्ये पहिला कट मारला की उघडे पडतात, आणि मग फोन येतो.

आम्ही तिघांनी हिशोब मांडला: दोष पाण्यात आहे, तेव्हा पाणी मोजा. वाळूतला ओलावा मोजणारा सेन्सर तयार करायला घेतला आणि त्यावर १४ महिने घालवले. माझ्या मित्राच्या घराच्या माडीवर आमची प्रयोगशाळा होती. तिथे ओलावा टक्क्याच्या दहाव्या भागापर्यंत अचूक येऊ लागला, त्या रात्री आम्ही मिसळ खाऊन आनंद साजरा केला. माडीवरची वाळू थंड होती, चाळलेली होती, हे आमच्या लक्षातच आलं नाही.

ओळखीतून एका फाउंड्रीत यंत्र बसवायला परवानगी मिळाली. तिथे वाळूवर एक मामा होते, निवृत्तीला आलेले. मिक्सरमधून मूठभर वाळू घ्यायची, आवळायची, अंगठ्यानं मधोमध मोडायची आणि मोडलेली कड बघायची, एवढीच त्यांची लॅब. आमच्या यंत्रानं ३.४ टक्के दाखवलं. मामांनी मूठ उघडली आणि म्हणाले, “ताई, पाणी बराबर हाय. पण वाळूच मेलीया.”

मी मान डोलावली आणि मनात हसले. त्या दिवशी रिजेक्शन ११ टक्क्यांवर गेलं.

मामा काय म्हणत होते हे कळायला तीन आठवडे लागले. साच्यात लोखंड ओतलं की त्याला लागून असलेल्या वाळूतलं बेंटोनाइट जळतं. जळलेली माती वाळूत राहते, पाणीही पिते, पण चिकटत नाही. म्हणजे ओलावा बरोबर आणि बांधणी शून्य. त्यात दुपारनंतर परत येणारी वाळू गरम असते. मिक्सरपाशी पाणी बरोबर असलं तरी बेल्टवरून साचे बनवणाऱ्या मोल्डिंग मशीनपर्यंत जाईतो उडून जातं. फाउंड्रीच्या पुस्तकांत याला उत्तर आहे: कॉम्पॅक्टिबिलिटी. नळीत सैल वाळू भरा, ठरावीक दाबानं ठोका, उंची किती टक्के खाली आली ते बघा. पाणी, माती, गरमपणा या सगळ्यांचा एकत्र परिणाम या एका आकड्यात येतो. मामांची मूठ म्हणजे हीच चाचणी होती. आम्ही १४ महिने चुकीचा आकडा अचूक मोजत होतो.

आता तुमच्या ‘इनोव्हेटिव्ह’ या शब्दाकडे येते. कॉम्पॅक्टिबिलिटी आपोआप मोजून पाणी सोडणारी यंत्रं तेव्हाही जगात होती. मोठ्या ऑटोमॅटिक लाइनवर ती बसवतात आणि त्यांची किंमत आमच्याकडच्या छोट्या फाउंड्रीच्या अख्ख्या सँड प्लांटच्या वर जाते. तेव्हा नवीन शोध लावण्यासारखं फारसं काही नव्हतं. काम होतं ते हेच यंत्र साध्या मिक्सरवर, धुळीत, वेल्डिंगच्या ठिणग्यांत, लॅबचं शिक्षण नसलेल्या माणसाच्या हातात आणि साडेतीन लाखांच्या आत टिकवायचं. तुम्हाला हे कमी दर्जाचं वाटत असेल तर आत्ताच विचार बदला, कारण आपल्या भागातलं नावीन्य बहुतेक वेळा असंच दिसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा शोध लावला नव्हता. लोखंडी नांगर बाहेर होताच. इथल्या शेतकऱ्याला लोखंडानं जमीन नासते अशी भीती वाटत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. ती दोन वर्षं हाच धंदा होता.

आमचा दुसरा धडा उंदरांनी दिला. यंत्र सुधारून पुन्हा बसवलं तेव्हा आम्ही मोठ्या हुशारीनं त्यात मोबाइलवर संदेश जायची सोय केली. वाळू बिघडली की थेट मालकाला मेसेज. मालक खूश. आठव्या दिवशी सेन्सरची वायर तुटलेली. उंदरानं कुरतडली, असं सांगण्यात आलं. दुरुस्त केली, पुन्हा उंदीर. गरम वाळूच्या बेल्टखाली, दिवसरात्र गडगडाट चालू असताना कुठला उंदीर राहतो हे मला आजही कळलेलं नाही.

त्यात त्या लोकांची चूक नव्हती. रात्री दोन वाजता मालकाला मेसेज जाणार आणि सकाळी सुपरवायझरची हजेरी घेतली जाणार, तर मी त्याच्या जागी असते तर मीच उंदीर झाले असते. आम्ही मेसेज काढून टाकला. मिक्सरच्या वर लांबून दिसेल असा दिवा लावला: हिरवा, पिवळा, लाल. आकडा आधी वाळूवाल्याला दिसणार, दुरुस्त करायला वेळही त्यालाच मिळणार. मालकाला सकाळी दिवसभराचा गोषवारा. त्या दिवसानंतर वायर तुटली नाही.

जोडीला दोन मोठी बटणं दिली. मामांनी मूठ आवळून बघायची आणि ‘बरी’ किंवा ‘वाईट’ दाबायचं. हे आम्ही खरं तर त्यांचा मान राखायला केलं होतं. पण वर्षभरात हजारो घाण्यांची (मिक्सरमधल्या एकेका भरणीची) नोंद जमली: यंत्राचे आकडे एकीकडे, चाळीस वर्षं वाळूत मुरलेल्या हाताचा निकाल दुसरीकडे. तुम्ही जे एआय म्हणता त्याला शिकायला लागतो तो नेमका हा माल. तो बाजारात मिळत नाही, इंटरनेटवर तर नाहीच, आणि मोठ्या कंपनीला तो पैसे टाकून एका महिन्यात उभा करता येत नाही. आज कोणी आमच्या यंत्राची हुबेहूब नक्कल केली तरी मला झोप लागते, ती या नोंदींमुळे.

आणि विक्री? पहिली चार यंत्रं आम्ही रिजेक्शनचा हिशोब दाखवून विकायला गेलो. हिशोब पक्का होता. महिन्याला ३०० टन ओतकाम असलेली फाउंड्री धरा. रिजेक्शन एक टक्क्यानं घटलं तर तीन टन वाचले. धातू पुन्हा वितळवता येतो हे खरं, पण इंडक्शन भट्टीत एका टनाला ढोबळमानानं ६०० युनिट वीज लागते, शिवाय वाळू, कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), मजुरी, फेटलिंग (ओतलेल्या वस्तूची साफसफाई) वाया जातं. किलोमागे ३० रुपये नुकसान धरलं तरी महिन्याला ९० हजार. चार महिन्यांत यंत्राचे पैसे वसूल. कागदावर कोणीही घेईल असा सौदा, आणि कोणीच घेईना. “बघू”, “दिवाळीनंतर”, “आमचं रिजेक्शन तेवढं नाही ओ.”

ज्या पहिल्या मालकानं रोख पैसे मोजून यंत्र घेतलं त्यानं हिशोबाचा कागद उघडलासुद्धा नाही. त्याचा एकच प्रश्न होता: “आमचा वाळूवाला दोन वर्षांत रिटायर होतोय, त्याच्या जागी कोण मिळंना. ह्याच्यावर नवा पोरगा तयार होईल काय?” त्या दिवशी आम्हाला कळलं की आपण काय विकतोय. रिजेक्शन हा मालकाच्या अंगवळणी पडलेला त्रास होता. जाणता माणूस जाण्याची भीती ताजी होती. त्यानंतर आम्ही बोलायला सुरुवातच तिथून केली आणि दोन वर्षांत विक्री सातपट झाली. (सातपट म्हणजे चारावरून अठ्ठावीस. उगाच डोळे मोठे करू नका.)

म्हणून मिक्सरपाशी उभे राहा म्हणते. तुम्ही काय विकता हे तुम्ही ठरवू शकता, गिऱ्हाईक काय विकत घेतं हे मात्र त्याच्या दारात गेल्याशिवाय कळत नाही. कंपनीची नोंदणी, पेटंट, सादरीकरण हे सगळं आम्ही पहिल्या वर्षी केलं असतं तर ओलावा मोजणाऱ्या यंत्राभोवती केलं असतं.

आता तुमचे प्रश्न, तुमच्या क्रमानं.

पेटंट. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून वर्षभरात पूर्ण तपशील देता येतो, ही सोय चांगली आहे. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. फी स्वस्त आहे, नीट लिहून देणारा एजंट स्वस्त नाही. अर्जाआधी प्रदर्शनात यंत्र उघडं करून दाखवलंत किंवा व्हिडिओ टाकलात तर नवेपणाचा दावा अडचणीत येतो, तेवढी काळजी घ्या. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, त्यामुळे ‘एआयचं पेटंट’ या भ्रमात राहू नका. आम्हाला मिळालं ते नमुना घेणाऱ्या यांत्रिक भागावर: गरम, चिकट वाळू नळीत न अडकता कशी भरावी आणि नळी स्वतःच कशी साफ व्हावी. छोटा दावा आहे. आजवर त्याचा उपयोग बँकेत फाइल जाड दिसायला झाला. कल्पना चोरीला जाईल म्हणून फाउंड्रीवाल्यांशी बोलायला घाबरत असाल तर निश्चिंत राहा. त्यांना स्वतःच्या डिस्पॅचमधून मान वर करायला फुरसत नाही.

कंपनी. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याला, स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असली तर मिळते. पण नोंदणीची घाई करू नका, कारण घड्याळ त्या तारखेपासून चालू होतं. २०२१ साली आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी चालत नसे, अशी अट होती. उत्साहात आधी नोंदणी केलेली आणि यंत्र तयार होईतो मुदत संपलेली पोरं मी पाहिली आहेत. मान्यतेची मुदत दहा वर्षं. त्यातली सलग तीन वर्षं आयकरात सूट मागता येते, पण सूट नफ्यावर असते आणि तुमच्या पहिल्या तीन वर्षांत नफा नावाची चीज असणार नाही.

पैसा. यंत्राचा पहिला नमुना बनवायला केंद्र सरकारच्या ‘निधी प्रयास’ योजनेतून दहा लाखांपर्यंत मिळू शकतात. सीड फंडातून कल्पना सिद्ध करण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे बाजारात उतरायला कर्जरूपानं पन्नास लाखांपर्यंत, अशी रचना होती. दोन्ही योजनांचे पैसे इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या संस्थांमार्फत. सध्या अर्ज घेतायत का हे त्यांनाच फोन करून विचारा, पुण्यात असाल तर व्हेंचर सेंटर या इन्क्युबेटरपासून सुरुवात करा. अनुदानाचा एक दोष सांगते. अनुदान देणारा अहवाल मागतो आणि अहवालात ठरलेलं उद्दिष्ट पूर्ण झालेलं दिसावं लागतं. आम्हाला तेव्हा अनुदान असतं तर ‘ओलावा ०.१ टक्क्यापर्यंत अचूक’ हे उद्दिष्ट आम्ही थाटात पूर्ण केलं असतं.

मोठ्या गुंतवणूकदाराचं म्हणाल तर आधी बाजार मोजा. कोल्हापूर परिसरात सुमारे ३०० फाउंड्री आहेत. प्रत्येकानं एक यंत्र घेतलं, जे होणार नाही, तरी दहा-साडेदहा कोटी आणि मग संपलं. बेळगाव, राजकोट, कोइम्बतूर, हावडा, लुधियाना धरून देशात पाचेक हजार. हा चांगला, टिकाऊ धंदा होऊ शकतो, पण दर वर्षी तिप्पट वाढ मागणाऱ्या फंडाला तो पुरणार नाही. असा पैसा घेतलात तर तीन वर्षांत तो तुम्हाला वाळू सोडून भलत्याच गोष्टी विकायला लावेल. आम्ही घेतला नाही. धाडस म्हणून म्हणत नाही, दोघा गुंतवणूकदारांनी विचारलं होतं आणि दोघांनीही पुढे फोन उचलला नाही.

यापेक्षा मोठा प्रश्न उधारीचा आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. सुटे भाग रोखीनं घ्यायचे, यंत्र बसवायचं आणि पैसे ९० दिवसांनी, कधी १२० दिवसांनी. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे ऑर्डर भरपूर होत्या आणि पगाराला पैसे नव्हते. मी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, ते मला सोसवलं नाही. त्यानंतरचा नियम: ऑर्डरबरोबर ४० टक्के, यंत्र निघण्याआधी ५०, चालू झाल्यावर १०. निम्मी गिऱ्हाइकं पळतील असं वाटलं होतं, दोन पळाली. एमएसएमई (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग) म्हणून सरकारी ‘उद्यम’ नोंदणी पहिल्याच महिन्यात करा. कायद्यानं सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, आणि २०२३-२४ पासून त्याहून उशिरा दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करात खर्च म्हणून दाखवता येत नाही. या एका नियमामुळे मार्च महिन्यात जुनी बिलं सुटतात. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. भांडायला लागत नाही, गिऱ्हाइकाचा सीए स्वतःच तुमच्या वतीनं भांडतो.

मित्र. तिघांत समान वाटे हा गोड शब्द आहे. आमच्यातला एकजण दुसऱ्या वर्षी कॅनडाला गेला, तेव्हा त्याच्याकडे एक तृतीयांश कंपनी होती आणि कागद एकही नव्हता. आमचं नशीब चांगलं, तो सज्जन निघाला. तुम्ही मात्र लिहून घ्या: चार वर्षांत वाटा टप्प्याटप्प्यानं आपला होणार, पहिल्या वर्षात सोडलं तर काही नाही. हे बोलणं आत्ता, चहावर, सगळे हसत असताना करायचं.

नोकरी अजून सोडू नका. कोल्हापूरच्या शनिवार-रविवारच्या चकरांत पहिले तीन-चार महिने निघतील. कोणी सवलतीच्या का होईना, पण खऱ्या पैशांचा आगाऊ चेक दिला आणि घरखर्चाचे १८ महिने बाजूला असले, की सोडा. तुमच्या कंपनीच्या नियुक्तीपत्रात तुम्ही नोकरीत असताना लावलेले शोध कंपनीचे, असं कलम आहे का ते मात्र आजच वाचा.

आणि फाउंड्रीत गेल्यावर मालकाला यंत्राबद्दल काही सांगू नका. मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शनचं रजिस्टर बघू का, एवढंच विचारा. बहुतेक ठिकाणी ते पेन्सिलनं लिहिलेलं असेल आणि सगळ्या दोषांपुढे ‘ब्लोहोल’ असेल, कारण ते लिहायला सोपं. कुठल्या शिफ्टला, कुठल्या पॅटर्नला (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याला), जेवणाच्या सुट्टीनंतर किती, असं वेगळं काढून बघा. दोष वाळूत नसून कोअरमध्ये किंवा ओतण्याच्या वेगात असल्याचंही निघेल, तसं निघालं तर तुमची कल्पना तिथेच बदलेल आणि खर्च फक्त एसटीच्या तिकिटाचा झालेला असेल. जाताना बूट जाड घाला, सुती कपडे घाला. वाळूवर जे कोणी मामा असतील त्यांच्यासाठी चहा सांगा आणि एक मूठ तुम्हीही आवळून बघा. पहिल्या दिवशी काही कळणार नाही.